पहाटे उठून अभ्यास करायचा निश्चय आठ दिवसांतच का मोडतो? २१ दिवसांत सवय लागते हे खरं का?

तुम्ही लिहिलंय की पहाटे पाचला उठून स्पर्धा परीक्षेचा दोन तासांचा अभ्यास आठ-दहा दिवस चालतो आणि मग बारगळतो. एरवी उठायची वेळ साडेसात. सवय लागायला लागणारे २१ दिवससुद्धा निघत नाहीत, म्हणजे इच्छाशक्तीच कमी का, असं तुम्ही विचारता.

आधी तो २१ चा आकडा डोक्यातून काढा. अमेरिकेतले प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल माल्ट्झ यांनी १९६० मध्ये लिहिलं की शस्त्रक्रियेनंतरचा नवा चेहरा अंगवळणी पडायला रुग्णाला किमान २१ दिवस लागतात. पुढे तो आकडा तोंडोतोंडी फिरला, 'किमान' गळून पडलं आणि चेहऱ्याच्या जागी सवय आली. प्रत्यक्ष मोजणी केली ती लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी. ९६ जणांनी ८४ दिवस रोज एक नवी गोष्ट केली: कुणी जेवणाबरोबर फळ खाल्लं, कुणी जेवणाआधी पंधरा मिनिटं पळलं. कृती आपोआप व्हायला लागणारा काळ मधोमध ६६ दिवस निघाला, पण टोकं होती १८ आणि २५४. (२५४ हा अर्थातच आलेखावरून काढलेला अंदाज, कारण प्रयोगच ८४ दिवसांचा होता.) पाणी पिण्यासारखी गोष्ट लवकर जमली, व्यायामाला साधारण दीडपट वेळ लागला. दोन तासांचा अभ्यास कुठल्या बाजूला पडेल हे सांगायला नको. म्हणजे आठव्या दिवशी जड जाणं हा दोष नाही, त्या टप्प्यावर तसंच वाटतं.

मेंदूत काय चालतं ते अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या अ‍ॅन ग्रेबिएल यांच्या उंदरांवरच्या प्रयोगांतून चांगलं कळतं. उंदीर चक्रव्यूहात नवीन असताना स्ट्रायटम या भागातल्या पेशी पूर्ण वाटभर सक्रिय असतात. वाट पाठ झाली की त्या सुरुवातीला आणि शेवटी जोरात काम करतात आणि मधे शांत होतात. पूर्ण वाटेची एक जुडी बांधली जाते, आणि जुडी सुटते ती सुरुवातीच्या खुणेने. त्यामुळे सवय लावताना सर्वांत जास्त काळजी पहिल्या अर्ध्या मिनिटाची घ्यायची.

तुमची अडचण नेमकी तिथेच दिसते. मोबाइलचा गजर ही खूण तुमच्याकडे आधीपासून आहे, पण ती वर्षानुवर्षं 'बंद करून पाच मिनिटं झोप' किंवा 'मेसेज बघ' याला जोडलेली आहे. जुनी जुडी पुसली जात नाही, फक्त वरून नवी बसते. म्हणून खूणच बदला. साधं गजराचं घड्याळ घ्या, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. अभ्यासाची सांगड वेळेशी न घालता रोज हमखास घडणाऱ्या कृतीशी घाला: 'चहाचा कप टेबलावर ठेवला की मी खुर्चीत बसून पहिला प्रश्न सोडवेन.' अशा 'जर-तर' योजनांवरच्या ९४ अभ्यासांचा एकत्रित आढावा मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर आणि पास्कल शीरन यांनी २००६ मध्ये घेतला आणि त्यांचा चांगला परिणाम दिसला. पुस्तक रात्रीच त्या पानावर उघडं ठेवा, पेन वर.

पहिले दोन आठवडे फक्त दहा मिनिटं. जुन्या प्रश्नपत्रिकेतले पाच प्रश्न, उत्तरं तपासायची आणि थांबायचं. कमी वाटेल, पण इथे डोपामिनचा, म्हणजे बक्षिसाशी आणि शिकण्याशी जोडलेल्या मेंदूतल्या रसायनाचा, हिशेब आहे. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर दाखवलं की डोपामिनच्या पेशी अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतल्या फरकाला प्रतिसाद देतात: अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं की वाढ, अपेक्षित ते आलं नाही की घट. दोन तासांचं वेळापत्रक करून चाळीस मिनिटांत उठलात, तर ते रोजचं हुकणं त्याच टेबलाशी जोडलं जाण्याचा धोका असतो. निकाल तर वर्षभर लांब. पाच बरोबर-चूकच्या खुणा मात्र लगेच मिळतात.

झोपेला मात्र कुठलीही युक्ती चालत नाही. साडेबाराला झोपून पाचला उठलात तर स्वतःला आवरणारा मेंदूचा पुढचा भाग, प्रीफ्रंटल कॉर्टेक्सच, थकलेला असतो. आठव्या दिवशीचा पराभव बहुधा आठवडाभर साठलेल्या अपुऱ्या झोपेमुळे आहे. झोपण्याची आणि उठण्याची वेळ दर तीन दिवसांनी १५ मिनिटं अलीकडे आणा. साडेसातवरून पाचवर यायला महिना लागेल, तो लागू द्या. रविवारीही तीच वेळ ठेवा. उठल्यावर गॅलरीत किंवा दिव्याखाली भरपूर उजेड घ्या, रात्री उजेड कमी करा.

एखादा दिवस चुकला तर? लॅली यांच्या नोंदींत एक दिवस चुकल्याने सवयीच्या वाढीत जाणवेल असा फरक पडला नव्हता. दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून चार तास बसू नका, नेहमीची दहा मिनिटंच करा. आणि पुढे घर सोडून अभ्यासिकेत जायचं ठरलं तर आधीची सवय काही दिवस सैल पडेल, कारण ती त्या टेबलाशी बांधलेली होती. तिथेही जागा ठरलेली घ्या, थर्मासमधून चहा न्या आणि पुन्हा पाच प्रश्नांपासून सुरू करा.