मूल दत्तक घ्यायचं ठरवलंय. सगळ्यात अवघड काय असतं?

कागदपत्रं नव्हे, वाट पाहणं. ‘कारा’च्या (दत्तक प्रक्रिया सांभाळणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या) पोर्टलवर नाव नोंदवलं, समाजसेविका ताई गृह अध्ययन अहवालासाठी, म्हणजे घर-कुटुंब मुलासाठी योग्य आहे का ते बघायला, घरी येऊन गेल्या (सासूबाईंनी त्यासाठी उगाचच पडदे धुतले!) आणि मग ३ वर्षांहून जास्त काळ नुसता ज्येष्ठता क्रमांक (रांगेतला आपला नंबर) बघत बसलो. तान्हं बाळच हवं असेल तर रांग मोठी. थोडं मोठं मूल चालणार असेल तर नंबर लवकर लागतो. फोटो आणि वैद्यकीय अहवाल आला की ते मूल आपल्यासाठी राखून ठेवायला, म्हणजे होकार कळवायला, फक्त ४८ तास मिळतात, म्हणून ओळखीचा बालरोगतज्ज्ञ आधीच गाठून ठेवा. दवाखान्यातून परस्पर बाळ मिळवून देणारे भेटतील. तो सरळ गुन्हा आहे. घरी आणल्यावरही २ वर्षं, दर सहा महिन्यांनी समाजसेविका ताईंची भेट असते. आमचा लेक तेव्हा ताईंची पर्स उपसून ठेवायचा.