‘आई, तुला काय माहीत?’

मावशी,

मी ऐरोलीला राहते. वय 41. मला अहो-जाहो करू नका, सवय नाही.

2013 साली आम्ही ठाण्यात किसननगरला होतो. तीन हात नाक्याजवळ मिस्टरांच्या रिक्षाला अपघात झाला, पायात रॉड पडला, ते घरी बसले. मी नौपाड्यात चार घरी पोळ्या करायचे, त्यात भागेना. ओळखीच्या एका बाईने सरोगसीचं सांगितलं, म्हणजे दुसऱ्या जोडप्याचं बाळ आपल्या पोटात वाढवून द्यायचं. जोडपं परदेशातलं होतं. कागद इंग्रजीत होते. मिस्टरांनी सही केली, मीही केली. आठ महिने कोपरखैरण्याच्या एका फ्लॅटमध्ये आम्ही सातजणी राहिलो. शेजारीपाजारी आणि गावी सांगितलं, पुण्याला एका म्हातारीला सांभाळायला गेलेय. मुलगी तेव्हा सात वर्षांची, तिलाही तेच सांगितलं. ती सासूबाईंजवळ होती. माझं सिझर झालं. बाळाच्या रडण्याचा आवाज आला तेवढाच, ते मी पाहिलं नाही. साडेतीन लाख मिळाले. कर्ज फिटलं, उरलेल्या पैशांत ऐरोलीला हेवी डिपॉझिटवर खोली घेतली.

मुलगी आता वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या महिन्यात कॉलेजात वादविवाद स्पर्धा आहे, विषय सरोगसीचा कायदा. ती कायद्याच्या बाजूने बोलणार. रोज रात्री मी भाजी निवडत बसते आणि ती माझ्यासमोर भाषण म्हणते. ‘गरीब बाईची कूस म्हणजे लग्नातली भांडी नव्हेत, भाड्याने द्यायला आणि मोजून परत घ्यायला!’ परवा माझ्या तोंडून निघून गेलं, सगळ्याच काही फसवलेल्या नसतात गं. तर म्हणाली, ‘आई, तुला काय माहीत?’

तिने जमवलेले लेख ती गेल्यावर मी वाचते. कुठे आम्ही बिचाऱ्या, कुठे देवी, कुठे पैशासाठी काहीही करणाऱ्या. मी त्यात मला शोधते. खरं सांगू? त्या आठ महिन्यांत मी आयुष्यात पहिल्यांदा दुपारी झोपले. रोज फळ, अंडं, मासे. पोळ्या दुसरीच बाई करायची. माझी पोर आजीजवळ रडत होती आणि मी तिकडे पत्ते खेळत हसत होते. बाळ दिल्याचं नाही, मला याचं वाईट वाटतं. हे कुणीच लिहिलेलं नाही, म्हणजे मीच वाईट आहे का? मुलीला सांगू का? मिस्टर म्हणतात, पुरलेलं कशाला उकरतेस. स्पर्धेला तिने मला बोलावलंय.

– एक आई

*

अगं, सांगितलंस तसं अगं-तुगंच करते.

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं आणि दर वेळी त्याच वाक्याशी अडले, दुपारी झोपल्याच्या. नळाला पाणी यायच्या आत उठायचं, घरचं आटपायचं, मग चार घरच्या पोळ्या लाटायच्या. अशा बाईला कुणी म्हणालं, आता आठ महिने तू दुपारी आडवी हो, तर ती आडवी होणार नाही तर काय करणार? लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येते ती तरी कशासाठी? तुझ्या स्वतःच्या मुलीच्या वेळी तुला तसं माहेर मिळालं होतं का, ते तू लिहिलेलं नाहीस. मिळालं नसावं असा माझा अंदाज आहे. ते मिळालं दुसऱ्याच्या बाळाच्या वेळी. आणि ती फळं, ते मासे तुझ्यासाठी नव्हते, त्या बाळाच्या वजनासाठी होते, हे काय तुला तेव्हा कळत नव्हतं? कळत असूनही तू झोपलीस आणि हसलीस. हसलीस ते बरंच केलंस. त्या सातजणींना दुसरं होतं तरी काय तिथे?

लेखांत तू सापडणार नाहीस. लिहिणाऱ्याला बाजू मांडायची असते, आणि पत्ते खेळणारी बाई कुठल्याच बाजूला सोयीची नसते. बिचारी म्हणावं तर ती हसतेय, मजेत होती म्हणावं तर तिची पोर तिकडे रडतेय. रोहिणी मात्र हमखास भेटली असेल तुला. देवकीचा सातवा गर्भ योगमायेने रोहिणीच्या पोटात नेला, बलराम जन्मला, म्हणजे बघा, सरोगसी आपल्याकडे पूर्वापार आहे! रोहिणीला आधी कुणी विचारलं होतं का, तिला किती महिने उलट्या झाल्या, याची चौकशी कुठेच नसते. दुसऱ्यांना तरी नावं कशाला ठेवू? ‘भाडोत्री माता’ हे शब्द मी स्वतः याच स्तंभात वापरलेत. तुझं पत्र आल्यावर जुनी फाईल काढली. मूल नसलेल्या एका जोडप्याला उत्तर दिलं होतं, त्यांची घालमेल समजून घेऊन, चांगलं ऐसपैस. जी तिसरी बाई ते बाळ वाढवणार, तिची मुलं त्या काळात कुणाजवळ राहणार, यावर एक ओळ नाही. तेव्हा मला सुचलंच नव्हतं.

एक अभ्यास मात्र तुझ्याजवळून जातो. मुंबईतल्या 50 सरोगेट बायका आणि स्वतःच्या बाळाच्या वेळी गरोदर असलेल्या 70 बायका, अशी तुलना काही संशोधकांनी केली. 2018 साली ती ‘ह्यूमन रिप्रॉडक्शन’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. काळजी आणि ताण दोन्हीकडे सारखेच होते. उदासी मात्र सरोगेट बायकांत जास्त होती, दिवस असतानाही आणि बाळंतपणानंतरही. नंतरची उदासी कुणाकुणाची वाढली? जिला आधार कमी मिळाला, जिने सगळ्यांपासून लपवलं, जिला लोकांनी बोल लावले, तिची. तुला कुणी बोल लावले नाहीत, कारण कुणाला माहीतच नव्हतं. पण लपवलंस तू बारा वर्षं. पान्हा फुटला असेल तेव्हा, तिसऱ्या-चौथ्या दिवशी. डॉक्टरांनी गोळी दिली असेल, कुणी छाती आवळून बांधली असेल, आणि त्याच अंगाने तू पुण्याहून आल्याचं सोंग करत किसननगरच्या खोलीत शिरलीस. पत्रात याबद्दल एक अक्षर नाही, म्हणून मीच लिहिते. मूल दिल्याचं दुःख नाही असं तू म्हणतेस ते मी खरं धरते. बाईला रडू आलंच पाहिजे असा काही नियम नाही.

आता कायद्याचं, कारण घरात होऊ घातलेली वकील आहे आणि तुझ्या मनात कुठेतरी धाकधूकही असणार. तू केलंस तेव्हा सरोगसीवर कायदाच नव्हता. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, 2005 सालची मार्गदर्शक तत्त्वं होती आणि त्यांत सरोगेटने मोबदला घ्यायला हरकत नव्हती. परदेशी जोडप्यांना सरकारने नोव्हेंबर 2015 मध्ये बंदी केली. सरोगसी नियमन कायदा 2021 सालचा, 25 जानेवारी 2022 पासून लागू झाला. करताना गुन्हा नसलेल्या गोष्टीसाठी मागाहून कायदा करून शिक्षा देता येत नाही, घटनेचं कलम 20 आहे त्यासाठी, ते तुझी लेक तुला समजावून सांगेल. तेव्हा तू घाबरायचं काही कारण नाही.

आणि तिची बाजू चुकीची आहे असंही समजू नकोस. नव्या कायद्यात सरोगेट झालेल्या बाईचा 36 महिन्यांचा विमा काढावा लागतो. भ्रूण गर्भाशयात सोडण्याआधी तिला नाही म्हणता येतं. तिच्या भाषेत लिहिलेल्या कागदावर तिची संमती घ्यावी लागते. तुझ्या हातात इंग्रजी कागद ठेवला होता, आठवतंय ना? पण याच कायद्याने मोबदला बंद केला. औषधपाणी आणि विमा, बास. मला हे काही पटलेलं नाही. डॉक्टर फी घेणार, वकील फी घेणार, हॉस्पिटल बिल लावणार, रोजची इंजेक्शनं विकत येणार, आणि जिच्या कमरेखाली त्या इंजेक्शनांच्या गाठी होणार तिने तेवढं प्रेमापोटी करायचं. बाईचं काम म्हटलं की आपल्याकडे प्रेम लगेच आडवं येतं, पोळ्या काय आणि बाळंतपण काय. असो. स्पर्धेत मी नाही, तुझी लेक आहे.

तिच्याकडेच येते. सांगू की नको, असं विचारतेस. सांग. कारण स्पर्धेचं नाही. ती सात वर्षांची होती. सात वर्षांच्या पोरीला आई आठ महिने दिसली नाही तर पोर ते विसरत नाही. ती स्वतःशी काहीतरी कारण ठरवते. मी त्रास देते म्हणून आई गेली. किंवा आईला ती म्हातारी माझ्यापेक्षा आवडली. काय ठरवलं होतं तिने, ते ना तुला माहीत, ना मला. मोठी झाल्यावर ती स्वतःलाच हसली असेल त्यावर, पण आत ते कुठेतरी बसलेलं असतं. तिने ढीगभर लेख वाचले, आणि तिच्या स्वतःच्या आयुष्यातले आठ महिने मात्र अजून तिच्यापासून बंद आहेत. मिस्टर म्हणतात पुरलेलं आहे, पण त्या पुरलेल्यात तिचाही वाटा आहे.

कधी सांगायचं, यावर मी दोनदा मत बदललं. आधी वाटलं, स्पर्धा होऊन जाऊ दे, पोरीचं लक्ष कशाला विचलित करायचं? मग ते सभागृह डोळ्यासमोर आलं. ती माइकवर भांड्यांचं वाक्य म्हणतेय, लोक टाळ्या वाजवताहेत आणि पुढच्या रांगेत बसून तूही वाजवतेयस. दोन महिन्यांनी तिला खरं कळलं तर सरोगसीबद्दल तिला राग येईल न येईल, पण त्या टाळ्या ती तुला माफ करायची नाही. मला ते बोलू कसं दिलंस, असं म्हणेल, आणि तिचं बरोबर असेल. म्हणून आधीच सांग, आणि आदल्या रात्री नको. या किंवा पुढच्या रविवारी. तिला विचार करायला, चिडायला, वाटल्यास बाजू बदलायला वेळ मिळू दे. एवढंच बजाव की ही गोष्ट तिच्या भाषणातला मुद्दा नाही. माझ्या ओळखीची एक बाई होती, असंसुद्धा नाही. वकिलीला असलेली पोरगी आहे, अशिलाचं गुपित राखायला तिला शिकवतातच.

मिस्टरांची परवानगी मागू नकोस, कल्पना दे. सही त्यांचीही होती, तेव्हा त्यांनी त्या दिवशी घरात असावं की नसावं ते त्यांचं त्यांना ठरवू दे. सासूबाई असतील तर त्यांना मध्ये घेऊ नकोस.

कसं सांगायचं? पैशांपासून सुरू करू नकोस, नाहीतर पहिल्याच वाक्याला तू आरोपी होशील आणि ती उलटतपासणी घेईल. नाइलाज होता म्हणूनही सुरू करू नकोस, कारण तिच्या भाषणात नाइलाज आधीच आहे, ती तुला त्या खणात टाकून मोकळी होईल. फ्लॅटपासून सुरू कर. सातजणी कुठून कुठून आल्या होत्या, पत्त्यांत कोण लबाडी करायचं, रात्री कोण रडायचं, रविवारी कुणाची मुलं भेटायला यायची आणि तुझी का आणली नाहीत. दुपारच्या झोपेचं पहिल्या दिवशी नको. नाहीतर तिला एवढंच ऐकू येईल की आई मला सोडून मजेत होती. पण ते कायमचं गिळूनही टाकू नकोस. पुढे कधीतरी, ती स्वतः दमून घरी येईल तेव्हा सांग, तिला कळेल.

ती चिडेल हे धरून चाल. पुण्याच्या म्हातारीबद्दल विचारेल, तिचं नाव काय होतं, तिला काय झालं होतं. तेव्हा जी जी उत्तरं दिली होतीस ती खोटी होती, असं सरळ सांग. त्या बाळाबद्दलही विचारेल. तो मुलगा की मुलगी हे तुला माहीत तरी आहे का, असंही विचारेल. माहीत नसेल तर नाही म्हण.

एका खोलीच्या घरात हे बोलू नकोस, अशा वेळी भिंतीपलीकडचे कान देऊन ऐकायला टीव्ही बंद करतात. तिला घेऊन बाहेर पड. तुझ्या पत्रातली दुसरी गोष्ट जी मला सोडत नाही ती हीच. पोरीला वाटत होतं आई पुण्याला आहे, आणि तू होतीस कोपरखैरण्याला. तेव्हा ठाण्याहून चौथं स्टेशन, वीस मिनिटांची लोकल. तीच लोकल रविवारी दुपारी रिकामी असते. ऐरोलीहून दोघी खिडकीशी बसा. रबाळे, घणसोली एवढ्या अंतरात सगळं सांगून होणार नाही, तेव्हा सरळ वाशीपर्यंत जा आणि येताना बोला. परतीला कोपरखैरणे येईल तेव्हा तिला सांग, इथे होते मी. उतरून ती इमारत बघायची का, ते तिला ठरवू दे.

– मावशी

ता. क. पत्रासोबत तिच्या भाषणाची जी चार वाक्यं तू उतरवून पाठवलीस त्यात एक चूक आहे. ‘कायद्याने आता फक्त जवळची नातेवाईकच सरोगेट होऊ शकते’ असं ती म्हणते. ती अट आधीच्या विधेयकात होती. 2020 साली राज्यसभेच्या प्रवर समितीने ती काढायला सांगितली आणि मंजूर झालेल्या कायद्यात ‘इच्छुक स्त्री’ असे शब्द आहेत. लग्न झालेली किंवा होऊन गेलेली, स्वतःचं मूल असलेली, 25 ते 35 वयाची, आणि आयुष्यात एकदाच. समोरच्या बाजूने कुणी हे पकडलं तर तिचे गुण जातील. हे तेवढं आजच सांग, त्याला रविवार लागत नाही. तुला कसं माहीत म्हणाली तर माझं नाव घे.