ख्रिस्ती ‘हुतात्मा’? आधी ‘ग्वाही’चं काय ते बघू

प्रश्न सोलापूरहून आला आहे. 26 डिसेंबरला, ख्रिस्तासाठी जीव देणारा पहिला मानला जाणारा जो संत स्तेफन त्याच्या सणाला, ख्रिस्ती मंडळीत खास उपासना आहे आणि तिची पत्रिका मराठीत छापायची आहे. ख्रिस्तावरच्या विश्वासापायी जीव गमावलेल्यांना ‘हुतात्मा’ म्हणावं, ‘शहीद’ म्हणावं, की आणखी काही? आणि भाववाचक नाम ‘हुतात्म्य’ की ‘हौतात्म्य’?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दाचं आहे, ते आधी उरकतो. हौतात्म्य. महात्मा–माहात्म्य, तदात्म–तादात्म्य, तसं हुतात्मा–हौतात्म्य. पहिल्या स्वराची वृद्धी होते, म्हणून उ चा औ. ‘हुतात्म्य पत्करले’ हे रोज छापलं जातं म्हणून बरोबर ठरत नाही. अनेकवचन हुतात्मे, सामान्यरूप हुतात्म्यां-. ‘हुतात्मांना अभिवादन’ हा फलक कुणी लावला असेल तर उतरवावा.

निदान सोलापुरात तरी हा शब्द बिघडू नये. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी झाली, तेव्हापासून हा शब्द या शहराच्या तोंडी आहे. चौकाला तो आहे, नाट्यगृहाला आहे, पुण्याच्या गाडीलाही आहे. तरी ‘हूतात्मा’ आणि ‘हतात्मा’ असे दोन्ही अवतार दिसतात. ध चा मा करायला आपल्याकडे आनंदीबाईच लागतात असं नाही, फलक रंगवणाराही पुरतो. ‘हुत’ म्हणजे अग्नीत अर्पण केलेलं. हवन, होम, आहुती ही सगळी त्याच ‘हु’ धातूची लेकरं. ‘हूत’ दीर्घ केलं की धातूच बदलतो: ह्वे, म्हणजे हाक मारणं. ‘अनाहूत पाहुणा’ मधला हूत तो हा. म्हणजे ‘हूतात्मा’ हा वरून बोलावणं आलेला माणूस. आणि ‘हत’ म्हणजे नुसता मारलेला.

या ‘हतात्म्या’बद्दल माझा एक तर्क आहे. तेलुगू ख्रिस्ती वाङ्मयात या माणसांना ‘हतसाक्षी’ म्हणतात; मारला गेलेला साक्षी, अगदी नेमका समास. सोलापूरच्या पूर्व भागात घरोघर तेलुगू बोलतात, कन्नडमध्ये ‘हुतात्म’ चालतो, मराठीत ‘हुतात्मा’. अशा तीन भाषांच्या रेट्यात ‘हत’ आणि ‘हुत’ यांची सरमिसळ व्हायला वेळ लागत नाही. तेलुगूचा संबंध नसलेल्या गावांतही ‘हतात्मा’ ऐकू येतो असं कुणी म्हणेल. येऊ दे. तिथे निष्काळजीपणा असेल, सोलापुरात निदान सबब तरी आहे.

आता मुख्य मुद्दा. ‘हुतात्मा’ हा शब्द सावरकरांच्या नावावर जमा आहे, देशासाठी प्राण दिलेल्यांसाठी तो मराठीत रुजला, आणि तिथे तो शोभतो. पण म्हणून तो जगातल्या प्रत्येक धर्माला आणि प्रत्येक काळाला लावणारे कोशकार मला पटत नाहीत. पहिल्या तीन शतकांतल्या ख्रिस्ती लोकांना लावताना तर फार जपायला हवं, कारण ते मेले ते आहुती द्यायला नकार दिला म्हणून.

हे अलंकारिक नाही, शब्दशः आहे. इ.स. 112 च्या सुमारास बिथिनिया या (आजच्या तुर्कस्तानातल्या) रोमन प्रांताचा सुभेदार प्लिनी रोमन सम्राट ट्राजनला आपली पद्धत कळवतो: ख्रिस्ती आहेस का असं तीनदा विचारतो, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी शिक्षेची धमकी देतो. जो नाही म्हणेल त्याने देवांच्या मूर्ती आणि सम्राटाची प्रतिमा यांच्यापुढे धूप आणि मद्य अर्पण करायचं, आणि ख्रिस्ताला शिव्याशाप द्यायचे. खरे ख्रिस्ती यातलं काहीच करत नाहीत असं आपण ऐकलं आहे, असंही तो लिहितो. सम्राट डेसियसच्या काळात, 250 साली, याचं सरकारी कागदपत्रांत रूपांतर झालं. इजिप्तच्या वाळूत त्या वेळचे, बळी दिल्याचे चाळीसहून अधिक दाखले सापडले आहेत. मजकूर ठरलेला: वर ‘यज्ञावर देखरेखीसाठी नेमलेल्यांना’ असा मायना, मग नाव, बापाचं नाव, गाव, वय, शरीरावरची खूण, मग ‘मी नेहमीच देवांना बळी देत आलो, आणि आताही तुमच्यासमोर फर्मानाप्रमाणे बळी दिला, मद्य ओतलं, प्रसाद चाखला’, मग दाखला मिळावा ही विनंती, खाली ‘आम्ही तुला बळी देताना पाहिलं’ असं लिहून अंमलदाराची सही, शेवटी तारीख. एका दाखल्यात डायोजेनीस नावाचा 72 वर्षांचा म्हातारा आहे, उजव्या भुवईवर वण, तारीख 26 जून 250.

यात काय काय बिघडलं तेही पाहण्यासारखं आहे, कारण त्यातून शब्द जन्मले. काहींनी खरोखर बळी दिला, काहींनी नुसता चिमूटभर धूप निखाऱ्यावर टाकला, आणि काहींनी यातलं काहीच न करता पैसे चारून दाखला मिळवला. लॅटिनमध्ये तिघांना तीन वेगळी नावं आहेत, कारण पुढे मंडळीत परत घेताना तिघांना तीन वेगळे नियम लावायचे होते. 251 साली उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा बिशप सिप्रियन याने भरवलेल्या सभेने ठरवलं की नुसता दाखला घेतलेल्यांना एकेकाचं प्रकरण तपासून परत घ्यावं, प्रत्यक्ष बळी दिलेल्यांना मात्र मरणाच्या दारातच. मधल्या काळात नकार देऊन तुरुंगात गेलेले आणि जिवंत सुटलेले लोक अशा कच खाल्लेल्यांच्या बाजूने शिफारसपत्रं वाटू लागले आणि बिशपांची पंचाईत झाली, ती वेगळीच. सिप्रियनचा स्वतःचा शिरच्छेद 14 सप्टेंबर 258 ला झाला.

तर ज्याने ‘हु’ धातूचा व्यवहार करायला नकार दिला, त्याच्याच नावात ‘हुत’ बसवायचं?

दुसरी बाजू मला माहीत आहे, ती मीच मांडतो. स्मुर्णाचा बिशप पॉलिकार्प इ.स. 155 च्या सुमारास जाळला गेला, आणि त्याची हकिगत लिहिणाऱ्यांनी त्याला कळपातून निवडलेल्या मेंढ्यासारखं होमार्पण म्हटलं आहे. म्हणजे ‘हुत’ची प्रतिमा त्यांनाही परकी नव्हती. मान्य. पण त्याच हकिगतीत क्विंतस नावाचा फ्रुगियाचा माणूस आहे. तो स्वतःहून पुढे झाला, इतरांनाही पुढे व्हायला लावलं, रिंगणातली श्वापदं समोर दिसताच गळाठला आणि शपथ घेऊन धूप टाकून मोकळा झाला. लगेच वाक्य येतं की आपण होऊन स्वतःला स्वाधीन करणाऱ्यांची आम्ही वाहवा करत नाही. म्हणजे अर्पणाची हौस हा निकष नव्हता. विचारलं असता काय उत्तर दिलं, हा होता.

म्हणूनच ग्रीकमध्ये शब्द आहे ‘मार्तुस’, साक्षी. बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात येशू शिष्यांना साक्षी व्हायला सांगतो, तिथे मरणाचा उल्लेखही नाही. त्याच पुस्तकाच्या 22 व्या अध्यायात पौल ‘तुझा साक्षी स्तेफन’ म्हणतो, बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, पेर्गमचा अंतिपा ‘विश्वासू साक्षी’ आहे, आणि शब्द हळूहळू रक्ताकडे सरकतो. 177 साली फ्रान्समधल्या लियों इथे तुरुंगात सडणाऱ्यांना कुणी ‘मार्तुस’ या नावाने हाक मारली की ते रागवत; ते नाव आधी ख्रिस्ताचं, मग मेलेल्यांचं, आम्ही नुसते कबुली देणारे, असं त्यांचं म्हणणं. शब्द वापरण्याच्या बाबतीत एवढी काटेकोर माणसं मला भलतीच आवडतात.

आणि आता ती व्युत्पत्ती, जिच्यासाठी मी हे उत्तर लिहायला घेतलं.

‘ग्वाही’. मंत्रिमहोदय रस्ता होईल अशी ‘ग्वाही’ देतात, वर्तमानपत्रं ती छापतात, आणि शब्दाचा अर्थ ‘आश्वासन’ होऊन बसला आहे. ग्वाही म्हणजे साक्ष! फारसी ‘गवाह’ म्हणजे साक्षीदार, त्यावरून गवाही, त्यावरून आपली ग्वाही. जे घडलेलं पाहिलं त्याची ग्वाही देतात, जे घडणार नाही त्याची नव्हे. पण गंमत पुढे आहे. फारसीतला हा सुरुवातीचा ‘ग’ मुळात ‘व’ आहे. संस्कृत वृक, फारसी गुर्ग, म्हणजे लांडगा. राजाचं जुनं नाव विश्तास्प, पुढे गुश्तास्प. तसाच जुन्या इराणी भाषांमधला ‘वि’ने सुरू होणारा साक्षीवाचक शब्द फारसीत ‘गवाह’ झाला, आणि पार्थियन या इराणी बोलीतून आर्मेनियन भाषेत गेला तेव्हा ‘व’ टिकवून ‘वकाय’ झाला. आर्मेनियनमध्ये ‘वकाय’चे अर्थ दोन: साक्षीदार, आणि ख्रिस्तासाठी मेलेला. अकराव्या शतकातला त्यांचा धर्मप्रमुख ग्रिगोर ‘वकायासेर’ म्हणून ओळखला जातो, म्हणजे साक्षींवर प्रेम करणारा. त्याने त्यांची चरित्रं गोळा करून भाषांतरित करवली.

आणि या लोकांना हा शब्द वापरायची वेळ कुणी आणली? इराणनेच. सासानी बादशहा यज्दगर्द दुसरा याने आर्मेनियनांवर जरथुष्ट्री धर्म लादायचा प्रयत्न केला, 451 साली अवारायरच्या मैदानात वर्तान मामिकोनियन आणि त्याचे साथीदार पडले. लढाई हरली. झगडा चालू राहिला आणि 484 च्या न्वार्साकच्या तहाने त्यांना आपला धर्म पाळायची मोकळीक मिळाली. छळणारे इराणी, मरणाऱ्यांचं नावही इराणी मुळाचं, आणि त्याच मुळाचा दुसरा कोंब आज सोलापूरच्या पाणीपुरवठ्याच्या बातमीत ‘रोज पाणी देण्याची ग्वाही’ म्हणून उगवतो.

ग्रीक ‘मार्तुस’चंही एक सांगायला हवं. जुने व्युत्पत्तिकार त्याचा संबंध आपल्या ‘स्मृ’ धातूशी लावतात: आठवण ठेवणारा तो साक्षी. अलीकडचे काही पंडित शंका काढतात, रूप नीट जुळत नाही, शब्द ग्रीकपूर्व असेल म्हणतात. ‘ग्रीकपूर्व’ ही त्यांची अडगळीची खोली आहे. जे जुळत नाही ते तिथे टाकायचं. मी जुन्यांच्या बाजूने. तसं असेल तर सोलापूरच्या नाट्यगृहाच्या ‘हुतात्मा स्मृती मंदिर’ या नावात ग्रीक शब्दाचा भाऊबंद ‘हुतात्मा’त नाही, ‘स्मृती’त बसला आहे. आणि फाशी गेलेल्या चौघांतल्या कुर्बान हुसेन यांच्या नावातला ‘कुर्बान’ म्हणजे अर्पण, ‘हुत’च्या अगदी जवळचा. मार्काच्या शुभवर्तमानाच्या 7 व्या अध्यायात हा शब्द आहेच, मराठी बायबल उघडून पाहा.

‘शहीद’ इस्लामी म्हणून पत्रिकेत नको, असं तुमच्यातल्या कुणाचं म्हणणं असेल तर तेही कच्चं आहे. अरबीत शाहिद म्हणजे पाहणारा, शहीद हा त्याच कुळातला. पण इस्लामच्या आधी सिरियाक (अरबीची बहीणभाषा) बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांत ‘साहदा’ हा शब्द साक्षी आणि धर्मासाठी मेलेला या दोन्ही अर्थांनी चालू होता. चौथ्या शतकात इराणचा सासानी बादशहा शापूर दुसरा याच्या राज्यात मारले गेलेले ते ‘साहदा’च. अरबीतला दुसरा अर्थ तिथूनच आला असं अनेक अभ्यासक मानतात आणि मलाही तेच पटतं. तेव्हा ‘शहीद’ चूक नाही. फक्त आज त्याला सैन्याचा आणि राजकारणाचा वास इतका चिकटला आहे की स्तेफनाशेजारी तो ओशाळवाणा दिसेल.

मग छापायचं काय? मराठी कॅथलिक लिखाणात ‘रक्तसाक्षी’ आहे, तो घ्या. वसईचे गोन्सालो गार्सिया, 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीत क्रूसावर मारले गेलेल्या 26 जणांपैकी एक, यांना तो लागतो आणि स्तेफनालाही लागेल. मथळा ‘स्तेफन, पहिला रक्तसाक्षी’ असा करा. आत क्रियापद ‘साक्ष दिली’ ठेवा, ‘साक्षी दिली’ नव्हे: साक्ष ही देण्याची गोष्ट, साक्षी हा देणारा माणूस. पाणिनीने ‘साक्षाद् द्रष्टरि संज्ञायाम्’ म्हणून त्याला स्वतंत्र सूत्र दिलं आहे, म्हणजे प्रत्यक्ष पाहणाराच साक्षी. ‘साक्षीदार’ कोर्टाकडे राहू द्या. तेलुगू मंडळीही उपासनेला येत असतील तर कंसात ‘हतसाक्षी’ छापा. अंगावर येणारा शब्द आहे, पण त्यांचा आहे. आणि ‘रक्तसाक्षी’चं अनेकवचनही रक्तसाक्षीच. ‘रक्तसाक्ष्या’ कुणी छापलं तर तो अंक मला पाठवू नका.