ज्या सरांनी घडवलं, त्यांनीच दुखावलं असेल तर सत्कार करायचा का?

गुरुपौर्णिमा जवळ आली, माजी विद्यार्थ्यांचा मेळावा ठरला किंवा एखाद्या क्लासचा रौप्यमहोत्सव आला, की हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे हमखास येतो. ज्यांनी शिकवलं, उभं केलं, त्यांनीच कधीकाळी खोल दुखावलंही आहे. आता सगळे मिळून त्यांना शाल-श्रीफळ देणार आहेत. मी त्यात उभं राहायचं का? नाही राहिले तर मी कृतघ्न का? गाण्याचा क्लास असो, तालीम असो, गणिताच्या शिकवण्या असोत, प्रश्नाची चाल तीच असते. इथे मी हॉकीची गोष्ट सांगते आहे. जिची आहे तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती पुण्याची. तिशीच्या थोडी पुढची, बँकेत नोकरी, आणि एका मुलींच्या हॉकी क्लबची मानद सचिव. खडकी-पिंपरीच्या पट्ट्यात हॉकी ही घरातली गोष्ट आहे. धनराज पिल्ले खडकीचे. चार ऑलिम्पिक खेळलेला माणूस आपल्याच गल्लीबोळांतून गेला, हे तिथल्या मुलांना अजून सांगितलं जातं. हीसुद्धा ते ऐकतच मोठी झाली. तिच्या क्लबला ज्यांनी नाव मिळवून दिलं ते सर आठ-नऊ वर्षांपूर्वी हंगामाच्या मध्यावरच दुसऱ्या राज्यातल्या अकादमीत गेले. आता एका निमंत्रितांच्या स्पर्धेसाठी ते त्याच अकादमीचा संघ घेऊन नेहरूनगरच्या टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानावर, येणार होते, आणि पहिलीच लढत जुन्या क्लबशी होती. अध्यक्षांनी ठरवलं की सामन्याआधी सरांचा सत्कार करायचा. मानपत्र सचिवांनी लिहायचं.

‘तीन आठवडे झोप नाही मॅडम. करायचा की नाही, एवढंच सांगा.’

क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोपर्यंत रण माजलं होतं. एक बाजू म्हणत होती, सर आपल्याला भर हंगामात सोडून गेले, प्रतिस्पर्ध्याचे झाले, त्यांचा कसला सत्कार? दुसऱ्या बाजूने कुणीतरी अमेरिकेतल्या आइस हॉकीचा व्हिडिओ टाकला होता. तिने तो मला मोबाइलवर दाखवला. बॅरी ट्रॉट्झ या प्रशिक्षकाच्या हाताखाली वॉशिंग्टन कॅपिटल्स या संघाने जून २०१८ मध्ये आपल्या इतिहासात पहिल्यांदा स्टॅन्ली कप, म्हणजे तिथल्या आइस हॉकीचं सर्वांत मोठं विजेतेपद, जिंकला. करारावरून जुळलं नाही म्हणून काही दिवसांतच त्याने राजीनामा दिला आणि तो न्यूयॉर्क आयलँडर्सकडे गेला. जानेवारी २०१९ मध्ये तो पाहुण्या संघाच्या बाकावर उभा राहायला वॉशिंग्टनला परतला, तेव्हा यजमानांनी मोठ्या पडद्यावर त्याच्या आठवणी दाखवल्या आणि प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. ‘बघा, मन मोठं लागतं,’ असं त्या व्हिडिओखाली लिहिलेलं होतं.

सोडून जाण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. प्रशिक्षक नोकरी बदलतो, त्यात विश्वासघात नसतो. आपल्याकडेच पाहा ना. २०१८ मध्ये हॉकी इंडियाने श्यूर्ड मारिन यांना पुरुष संघाकडून पुन्हा महिला संघाकडे पाठवलं आणि हरेंद्र सिंग यांना महिला संघाकडून पुरुष संघाकडे. मारिन महिला संघाचे आधीचे प्रशिक्षकच होते, म्हणजे परत आलेले. पुढे टोकियो ऑलिम्पिकमध्ये त्याच संघाने चौथा क्रमांक मिळवला. ब्रिटनविरुद्धचं कांस्यपदक ३-४ ने निसटलं तरी देश त्या मुलींसाठी सकाळीच उठून बसला होता. माणसं येतात, जातात, परतही येतात. सरांनी चांगली संधी घेतली आणि घर चालवलं, एवढाच मुद्दा असता तर मी तिला म्हटलं असतं, खुशाल हार घाला.

पण ग्रुपवर आणखी एक निरोप आला होता, आणि ती बोलता बोलता त्याच्याशी येऊन थांबत होती. क्लबच्या जुन्या गोलकीपरने एकच ओळ लिहिली होती: ‘तुम्ही करा. मी येणार नाही.’ त्यावर कुणी काहीच लिहिलं नव्हतं. खाली थेट दुसऱ्या दिवशीचं ‘सुप्रभात’ होतं.

मी विचारलं, ‘ती का येणार नाही?’

‘तिचं आणि सरांचं कधी जमलंच नाही.’

दुसऱ्या भेटीत मी सत्कार करावा की करू नये याबद्दल एक शब्दही काढला नाही. तिच्यापुढे कोरा कागद ठेवला आणि म्हटलं, मानपत्र इथेच लिहा. तिला लिहायची सवय होती. ‘आदरणीय सर, आपण हॉकीचे केवळ तंत्रच नव्हे तर जगण्याचा मंत्र दिलात’ इथपर्यंत पेन सरळ धावलं. पुढचं वाक्य होतं, ‘आपण प्रत्येक खेळाडूला पोटच्या मुलीसारखं’. तिथे पेन थांबलं. ‘जपलंत’ हा शब्द काही केल्या लिहिला जाईना. तिने ‘पोटच्या’वर काट मारली, मग अख्ख्या ओळीवर, आणि रडू लागली.

मग तिने सांगितलं. आंतरजिल्हा स्पर्धेचा अंतिम सामना हरून संघ परतला होता. निर्णायक गोल गोलकीपरच्या पायांमधून गेला होता. दुसऱ्या दिवशी सरावात सरांनी तिला पॅड चढवून गोलमध्ये उभं केलं आणि बाकीच्यांना डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या, टोकावर रांगेत. पेनल्टी कॉर्नरसारखे फटके, एकामागून एक, मध्ये थांबायचं नाही. मुलगी वळली तर पुन्हा पहिल्यापासून. ‘हिच्यापेक्षा भिंत उभी केली असती तर बरं झालं असतं,’ असं सर मोठ्याने म्हणाले आणि तिच्या वजनावरून आणखीही काही बोलले. काही मुली हसल्या. चेंडू मांडीच्या वर, दंडावर, जिथे पॅड नसतं तिथे बसत होते. ती गोलकीपर तेव्हा सतरा वर्षांची होती.

‘आणि संघाची ड्रॅग फ्लिकर, पेनल्टी कॉर्नरवर गोलकडे फटका मारणारी, मी होते मॅडम. सगळ्यांत जोरात फटके माझेच होते. सर म्हणाले मार, मी मारले.’

आता तिची झोप का उडाली होती ते दोघींनाही दिसलं. मानपत्रावर सही करायची म्हणजे त्या दिवशी जे झालं ते ठीकच होतं, असं तिला पुन्हा एकदा लेखी म्हणावं लागणार होतं. ते मला न पटणारं होतं आणि तिलाही.

इथे मला वाचकांशी थोडं सविस्तर बोलायचं आहे, कारण माझ्याकडे येणारी बहुतेक माणसं याच ठिकाणी अडकतात. कृतज्ञता आणि सत्कार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कृतज्ञता माझी एकटीची असते. ती मला कुणाला विचारून वाटत नाही आणि कुणी नाही म्हटलं म्हणून जात नाही. सत्कार मात्र जाहीर असतो आणि तो ‘आम्हा सर्वांच्या वतीने’ होतो. या सर्वांमध्ये जिला दुखापत झाली तीही धरलेली असते. तिला न विचारता तिच्या वतीने हार घालण्याचा हक्क अध्यक्षांना नाही, सचिवांना नाही आणि बहुमतालाही नाही. मतदानाने संघाच्या जर्सीचा रंग ठरवता येतो. एकीच्या वाट्याला आलेला अपमान विसरायचा की नाही, हे बाकीच्या पंधराजणींनी हात वर करून ठरवता येत नाही.

याची उलट बाजूही खरी आहे, आणि ती मी तिच्यापासून लपवली नाही. याच सरांनी वस्तीतल्या मुलींना मातीच्या मैदानावरून टर्फवर नेलं. स्टिक घेण्याची ऐपत नसलेल्या मुलींसाठी दुकानदाराकडे स्वतःच्या नावावर उधारी केली. हिच्या वडिलांनी खेळ बंद करायचं ठरवलं तेव्हा घरी येऊन दोन तास जमिनीवर बसून राहिले. आज ती बँकेत आहे ती क्रीडा कोट्यातून. हे सगळं खोटं ठरवा, असं मी कुणालाही सांगणार नाही. दुखावणारा माणूस सगळीकडून काळा नसतो, म्हणूनच हा प्रश्न इतका छळतो.

ट्रॉट्झच्या व्हिडिओला उत्तर म्हणून पुढे गोलकीपरच्या एका मैत्रिणीने आइस हॉकीतल्याच माइक बॅबकॉकचं नाव काढलं. डेट्रॉइट रेड विंग्जचा तो दहा वर्षं प्रशिक्षक होता, २००८ मध्ये त्याने कप जिंकून दिला आणि २०१५ मध्ये तो टोरँटोकडे गेला. पुढे डिसेंबर २०१९ मध्ये त्याच्या जुन्या संघातला खेळाडू योहान फ्रान्झेन याने त्याच्या वागणुकीबद्दल अतिशय कडवट शब्दांत जाहीरपणे सांगितलं. डेट्रॉइट सोडल्यावर चार वर्षांनी हे लोकांपुढे आलं. मला ही तुलना मोलाची वाटली. प्रेक्षक कप पाहतात, ड्रेसिंग रूम पाहत नाहीत. परत आलेल्या प्रशिक्षकाला मान द्यायचा का, हे ठरवताना आधी त्या खोलीत बसलेल्यांना विचारायला हवं, आणि त्यातही जी गप्प आहे तिला सर्वांत आधी.

म्हणून मी तिला सरांकडे किंवा अध्यक्षांकडे पाठवलं नाही. म्हटलं, गोलकीपरला भेटा. सत्काराला राजी करायला जाऊ नका, तुमच्या वाट्याचं तेवढं बोला.

त्या भेटीचं तिने मला जे सांगितलं त्यातलं थोडंच इथे लिहिते. तिने माफी मागितली तेव्हा गोलकीपर म्हणाली, ‘सरांचं मी कधीच सोडून दिलं. मला राग तुमचा होता. पॅड काढताना एकीनेही पाणी दिलं नाही.’ बराच वेळ दोघी बसल्या. शेवटी गोलकीपरने स्वतःहून सांगितलं, ज्यांना सरांचे आभार मानायचे त्यांनी मानावेत, मी अडवणार नाही. पण ‘सर्वांच्या वतीने’ म्हणू नका, मानपत्रात मुलीबिली लिहू नका, आणि ग्रुप फोटोत मी का नाही याची कारणं कुणाला देत बसू नका.

अध्यक्षांना हे पटवायला दोन बैठका लागल्या. ‘एवढ्या जुन्या गोष्टीचं काय घेऊन बसलात? आमच्या वेळी तर काठीने मारायचे,’ हे वाक्य दोन्ही बैठकांत आलं. हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आले आहे आणि दर वेळी मला त्याचा त्रास होतो. काठी खाल्लेली मुलं मोठी झाली ती काठीमुळे नाही, त्यांच्यातल्या चिवटपणामुळे. आणि जी त्या काठीपायी मैदान सोडून गेली ती आज बैठकीत बोलायला हजर नसतात.

मानपत्र रद्द झालं. सामन्याआधी सचिवांनी माइकवर स्वतःच्या नावाने चार वाक्यं म्हटली: तुम्ही माझ्या घरी आलात, मला स्टिक दिलीत, टर्फ दाखवलंत, त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे. ज्यांना वाटलं त्या मुलींनी पुढे होऊन फुलं दिली. पाया पडणं ठेवलं नाही, कारण रांग लागली की न पडणारी डोळ्यांवर येते. चारजणी बाकावर बसून शिनगार्ड बांधत राहिल्या आणि त्यांना कुणी हाक मारली नाही.

सरांना तिने आठवडाभर आधी पत्र लिहिलं होतं, त्या सरावाबद्दल, कुठलंही विशेषण न वापरता. त्यांचं उत्तर आलं, ‘त्या काळी तसंच शिकवायचे. तिला वाईट वाटलं असेल तर तिला सांग.’ ही माफी नाही. मी तिला तसं स्पष्ट सांगितलं, आणि हेही सांगितलं की पत्राने तिचं काम केलं आहे. सरांनी काय करायचं ते आता सरांवर आहे. ते उत्तर गोलकीपरपर्यंत पोचवायचं का, हे तिने गोलकीपरलाच विचारलं. ती नको म्हणाली.

एक गोष्ट ठासून सांगते. प्रकरण लैंगिक छळाचं असेल, किंवा लहान मुलांना मारहाण होत असेल, तर सत्कार करावा का हा प्रश्नच उरत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाचा लैंगिक छळ झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. तिथे समुपदेशकाकडे येऊन मन मोठं करण्याची वाट शोधू नका.

क्लबमध्ये आता दुसरीच चर्चा चालू आहे. सचिवांनी ठराव मांडला आहे: हरल्याची शिक्षा म्हणून कुणालाही सराव द्यायचा नाही, आणि अठरा वर्षांखालच्या मुलींच्या सरावाला एक पालक मैदानावर हजर हवा. ठराव अजून मंजूर झालेला नाही. नव्या प्रशिक्षकांचं म्हणणं आहे की त्याने त्यांचे हात बांधले जातील. मी सचिवांना सुचवलं आहे की पुढच्या बैठकीला पालकांना बोलवा, आणि सध्या गोलमध्ये उभ्या राहणाऱ्या दोन मुलींनाही.