मुलगी कॅमेऱ्यासमोर येतच नाही, मग हा विषय घेऊन उपयोग काय?

मी विद्यार्थ्यांची समुपदेशक आहे. अकरावीला मास मीडिया घेतलेल्या मुलांचे पालक माझ्याकडे येतात तेव्हा बहुधा दोन प्रश्न घेऊन येतात. यातून पुढे काही होणार आहे का? आणि आमचं मूल तिथे दिसत का नाही? ज्या घराविषयी लिहिते आहे, तिथे हे दोन्ही प्रश्न होते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

पिंपरी-चिंचवडमधली सीबीएसई शाळा. मुलगी सायन्सला. इंग्रजी, फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आणि पाचवा विषय मास मीडिया स्टडीज. हा कौशल्य विषय आहे, ६० गुणांची लेखी परीक्षा आणि ४० गुणांचं प्रात्यक्षिक. शाळेत छोटासा स्टुडिओ होता, दोन कॅमेरे, एक स्विचर (एका कॅमेऱ्याच्या चित्रावरून दुसऱ्याच्या चित्रावर जाण्याचं यंत्र), टेलिप्रॉम्प्टर (अँकरला वाचायचा मजकूर दाखवणारा), हिरवा पडदा. दर शनिवारी मुलं बातमीपत्र करायची आणि आई ते फोनवर पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायची.

"मॅडम, वर्गातली सगळी मुलं एकदा तरी दिसली. आमचीच नाही. ती घाबरते, की तिला मागे ढकलतात?" आईचे डोळे भरून आले होते. वडील कमी बोलणारे, एमएसईबीत नोकरीला. ते म्हणाले, "फिजिक्सचे मार्क उतरलेत. हा विषय सोडून कॉम्प्युटर सायन्स घ्यायला सांगा तिला." दोघं बाहेर गेल्यावर मुलगी म्हणाली, "मला सायन्सच सोडायचंय. आर्ट्सला गेले की स्टुडिओला वेळ मिळेल."

तिघांनाही माझ्याकडून लगेच हो किंवा नाही हवं होतं. मी तिला एवढंच म्हटलं, "गेल्या शनिवारी तू काय काय केलंस ते सांग. सकाळी स्टुडिओचं दार उघडलं तिथपासून."

त्या दिवशी एका निवृत्त शिक्षिकेची मुलाखत होती. बाई कडक स्टार्चच्या कॉटनच्या साडीत आल्या होत्या. लेपल माइक, म्हणजे कपड्यांवर लावायचा छोटा माइक, पदराला लावला तर हात हलला की खसखस येणार, म्हणून हिने बाईंना विचारून तो ब्लाउजच्या काठाशी टेपने बसवला. मग पंखा बंद करायला लावला. "पंख्याची आपल्या कानाला सवय असते मॅडम. माइकला नसते." आवाजाची लेव्हल उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवली, कारण डिजिटल रेकॉर्डिंगमध्ये शून्य ही वरची मर्यादा असते, आवाज तिला भिडला की फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर नीट होत नाही. मुलाखत संपल्यावर तिने सगळ्यांना अर्धा मिनिट गप्प उभं केलं आणि रिकाम्या खोलीचा आवाज घेतला. त्याला रूम टोन म्हणतात. एडिटला एखादं वाक्य कापलं की मध्ये जी पोकळी पडते, ती या आवाजाने भरून काढतात. हे सगळं तिने मला न अडखळता सांगितलं, आणि माझ्या खोलीतल्या एसीबद्दलही तक्रार केली.

घाबरणारं मूल साठी उलटलेल्या पाहुण्यांना "बाई, पदर जरा इकडे घेता का?" असं म्हणत नाही. वर्गातल्या दांडगट मुलांना गप्प उभं करत नाही.

तिची परवानगी घेऊन मी तिच्या मास मीडियाच्या सरांशी बोलले. पहिल्या सत्रात प्रत्येकाला कॅमेरा, स्विचर, प्रॉम्प्टर, फ्लोअर मॅनेजर (शूटिंगच्या वेळी सगळ्यांना इशारे देणारा), साउंड, अँकर असं सगळं फिरून करावं लागलं होतं. दुसऱ्या सत्रात मुलांनी आपापलं काम निवडलं आणि हिने साउंड मागून घेतलं. सरावात तिने अँकरिंगही नीट केलं होतं. मी विचारलं, मग पुन्हा का नाही केलंस? म्हणाली, "तेव्हा हेडफोन दुसऱ्याकडे होते ना."

इथे मला पालकांना कळकळीने सांगायचं आहे. मागे राहणारी मुलं दोन तऱ्हेची असतात. काही लपायला मागे जातात. त्यांना असं काम हवं असतं जिथे कुणी काही विचारणार नाही. शूटिंग रद्द झालं की त्यांना बरं वाटतं, आणि काय केलं असं विचारलं की एका वाक्यात उत्तर संपतं. त्यांना आधार लागतो आणि तो वेळेवर द्यायलाच हवा. दुसरी मुलं मागे जातात कारण त्यांना हवी ती वस्तू तिथे असते. त्यांना ओढून पुढे आणणं म्हणजे त्यांच्या हातातलं काम काढून घेणं. फरक ओळखायला मानसशास्त्रीय चाचणीपेक्षा एका दिवसाचं सविस्तर वर्णन मला जास्त उपयोगी पडतं.

आईला हे पटायला वेळ लागला, आणि त्यात तिचा दोष नाही. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. तेव्हापासून आपल्या घरांत निवेदिकांचे चेहरे ओळखीचे झाले. त्यांच्या माइकची लेव्हल कोण सांभाळत होतं, हे कुणाच्या घरात बोललं गेलं नाही. मी आईला एक शनिवार बातमीपत्र डोळे मिटून ऐकायला सांगितलं. त्याच्या जोडीला पहिल्या सत्रातलं, दुसऱ्या मुलाने साउंड केलेलं एक.

वडिलांचा आक्षेप मात्र मला जास्त गंभीर वाटत होता. मार्क खरंच उतरले होते. मुलगी घरी मध्यरात्रीपर्यंत लॅपटॉपवर एडिट करत बसायची आणि सकाळी फिजिक्सच्या तासाला पेंगायची. आणि आर्ट्सला जायचा तिचा बेत तिच्याच आवडीच्या मुळावर येणारा होता. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट आणि दूरचित्रवाणी शिकवणाऱ्या संस्थेत ध्वनिमुद्रणाच्या अभ्यासक्रमाला पदवी लागते, आणि त्यासोबत बारावीला फिजिक्स असण्याची अट राहिली आहे. (अटी बदलू शकतात, त्या त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचावं.) उलट मुंबई विद्यापीठाच्या बीएएमएमसीसारख्या माध्यम पदवीला कोणत्याही शाखेची बारावी चालते. म्हणजे माध्यमात जाण्यासाठी सायन्स सोडायची गरज नाही, आणि साउंडमध्ये जायचं तर सोडूच नये. हे ऐकून ती बराच वेळ माझ्याकडे रागाने बघत होती. वडिलांनाही मी तितक्याच स्पष्टपणे सांगितलं की इंजिनिअरिंगला पीसीएम लागतं, ते तिच्याकडे आहे. पाचवा विषय बदलून फिजिक्सचे मार्क वाढणार नाहीत, झोपेने वाढतील.

तरंगांचा धडा अकरावीच्या फिजिक्सच्या पुस्तकात अगदी शेवटी येतो. तोवर सदिश आणि गतीच्या गणितांत तिचा धीर सुटला होता. मी तिच्या फिजिक्सच्या सरांना विनंती केली की प्रोजेक्टसाठी तिला आवाजाचाच एखादा प्रश्न द्या. प्रश्न स्टुडिओतच पडून होता. लॅपटॉप मिक्सरला (माइकचे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्राला) जोडला की रेकॉर्डिंगमध्ये बारीक घुमणारा आवाज यायचा, ज्याला साउंडवाले हम म्हणतात. ती म्हणाली, केबल खराब असेल. मी म्हटलं, बाबांना विचार.

पुढचं मला वडिलांनी सांगितलं, आणि त्या दिवशी ते पहिल्यांदा सलग बोलले. त्यांनी तिला विचारलं, चार्जर काढल्यावर आवाज जातो का? जात होता. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. लॅपटॉप एका भिंतीवरच्या सॉकेटवर, मिक्सर दुसऱ्या भिंतीवरच्या, दोघांच्या अर्थिंगच्या वाटा वेगळ्या, आणि जोडणाऱ्या केबलने त्यांची कडी पूर्ण होत होती. त्या कडीतून वीज फिरली की तिचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये उतरतो. दोन्ही एकाच बोर्डवर लावल्यावर हम गेला. त्या आठवड्यात बापलेकींनी घरातले सगळे सॉकेट टेस्टरने तपासले, असं आईकडून कळलं.

या व्यवसायाच्या अडचणीही मी त्यांच्यापुढे ठेवल्या. मालिकांच्या सेटवर १२ तासांची शिफ्ट असते, मानधन ९० दिवसांनी हातात पडण्याची पद्धत रूढ आहे, आणि अनेकांना फ्रीलान्स काम करावं लागतं. मुलीने फोनमधला साउंड डिझायनर रसूल पूकुट्टींचा फोटो दाखवला. तेही एफटीआयआयचेच, २००९ साली त्यांना ऑस्कर मिळालं. मी तिला म्हटलं, त्यांच्याकडून शीक, पण पोट भरायची कामं कोणती तेही बघून ठेव. न्यूज चॅनेलची पीसीआर (कार्यक्रमाचा नियंत्रण कक्ष), ओबी व्हॅन (बाहेरच्या ठिकाणाहून प्रक्षेपण करणारी गाडी), क्रिकेटचं प्रक्षेपण, विद्यापीठांची व्याख्यानं, लग्नसमारंभांचं लाइव्ह. या कामांत माणसं रोज लागतात.

एडिट शाळेतच संपवायचं, घरी रात्री दहानंतर लॅपटॉप बंद, एवढं तिघांनी मिळून ठरवलं. शाळेत विषय घेण्याआधी इतर पालकांनीही दोन गोष्टी विचाराव्यात. मुलांच्या हातात उपकरणं खरोखर दिली जातात का, आणि प्रत्येकाला सगळी कामं फिरून करायला मिळतात का. नुसतं पुस्तक पाठ करून घेणार असतील तर माझं मत वेगळं असेल.

मुलगी आता बारावीत आहे. फिजिक्सचे मार्क हळूहळू वर येत आहेत, गणित अजून जड जातं. आई अजूनही म्हणते, एकदा तरी अँकरिंग कर, आजीला बघायचंय. पुढची भेट प्रीलिमनंतर ठेवली आहे. बीएस्सी करावं की इलेक्ट्रॉनिक्समध्ये इंजिनिअरिंग, हा वडिलांचा नवा प्रश्न आहे. त्यांनी दोन्हींचे अभ्यासक्रम छापून आणायचं कबूल केलं आहे.