साडेसातीत शनी नेमके काय करतो?

प्रश्न : माझ्या मुलाची रास मीन आहे. साडेसातीचा मधला टप्पा चालू असल्याने तो संपेपर्यंत नोकरी बदलू नये, असे आमच्या ओळखीच्या ज्योतिषांनी सांगितले. चंद्रामुळे समुद्राला भरती येते, मग शनीचा माणसावर परिणाम का होणार नाही, असे ते म्हणतात. ज्योतिषशास्त्र हा परिणाम असाच मानते का? — एक वाचक, सातारा

उत्तर : शनीला सूर्याभोवती एक फेरी पूर्ण करण्यास सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात, त्यामुळे बारांपैकी प्रत्येक राशीच्या वाट्याला साधारण अडीच वर्षे येतात. जन्मराशीच्या मागची रास, खुद्द जन्मरास आणि तिच्या पुढची रास या तिन्हींतून शनी जाईपर्यंतचा काळ म्हणजे साडेसाती. २९ मार्च २०२५ रोजी शनी मीन राशीत आल्याने सध्या ती कुंभ, मीन आणि मेष राशींना आहे; म्हणजे कोणत्याही वेळी जवळजवळ पाव जनता साडेसातीत असतेच. शिवाय ही तारीख चित्रा पक्षाची, म्हणजे चित्रा तारा प्रमाण मानून राशी मोजणाऱ्या पंचांगांची. टिळक पंचांगाचा, रेवती तारा प्रमाण धरणारा रैवत पक्ष मानला, तर अयनांशांत (वसंतसंपातापासून राशिचक्राच्या आरंभापर्यंतच्या अंतरात) सुमारे चार अंशांचा फरक पडतो आणि वर्षाला बारा अंश चालणाऱ्या शनीचे राशिप्रवेश सरासरी चार महिन्यांनी सरकतात.

भरतीचा दाखला या शास्त्राच्या मूळ भूमिकेशी जुळत नाही. सहाव्या शतकातील ज्योतिषी वराहमिहिराने लघुजातक या आपल्या ग्रंथात म्हटले आहे की, पूर्वजन्मी साठवलेल्या शुभाशुभ कर्माचे फळ हे शास्त्र, अंधारातल्या वस्तू दिव्याने दाखवाव्यात तसे, दाखवते. या विचारात ग्रह फळाचे सूचक आहेत. त्यांनी माणसाला ओढण्या-ढकलण्याची गरजच नाही. गुरुत्वाकर्षण हेच कारण मानले, तर राहू-केतूंचे काय करायचे, हाही प्रश्न उरतो. ते चंद्राची कक्षा क्रांतिवृत्ताला, म्हणजे सूर्याच्या आकाशातील भासमान मार्गाला, छेदते ते केवळ दोन बिंदू असून त्यांना वस्तुमानच नाही, तरीही आयुष्याची वर्षे ग्रहांना वाटून देणाऱ्या विंशोत्तरी पद्धतीत राहूची महादशा, म्हणजे त्याच्या अमलाचा काळ, १८ वर्षांची आहे, शनीच्या महादशेपेक्षा अवघ्या एका वर्षाने कमी. आणि खुद्द शनी जवळात जवळ असतो तेव्हाही सुमारे १२० कोटी किलोमीटरवर असतो. भरती आणणारे बल अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटत असल्यामुळे त्याचे पृथ्वीवरील बल चंद्राच्या बलाच्या तीस लाखाव्या हिश्शाहूनही कमी भरते.

आता सूचक म्हणून तरी पत्रिका खरी ठरते का? पुण्यात २००८ साली डॉ. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी हुशार व मतिमंद मुलांच्या पत्रिका ज्योतिषांना ओळखायला दिल्या. प्रत्येकी ४० पत्रिका तपासून उत्तरे पाठवणाऱ्या २७ जणांचे यश सरासरी ४६ टक्के निघाले. निव्वळ अंदाजाने पन्नास टक्के यायला हवेत. ही चाचणी बुद्धिमत्तेपुरती होती, साडेसातीची नव्हती, हे खरे. पण पत्रिकेवर विसंबून पोटापाण्याचा निर्णय घेणाऱ्याने ती ध्यानात घ्यावी.

मीन राशीची साडेसाती २०३० सालापर्यंत चालणार आहे आणि एवढी वर्षे नोकरीतली संधी थांबत नाही. शनिवारी मारुतीला तेल वाहिल्याने घरच्यांना बरे वाटत असेल, तर अवश्य वाहावे. चिरंजीवांनी मात्र नव्या नेमणुकीचे पत्र हाती पडल्यावर, पगार आणि कामाचे स्वरूप पाहून राजीनामा द्यायला हरकत नाही.