पायावर मारू की छातीवर? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ठाण्यात जांभळी नाक्याजवळ आमचं सराफीचं छोटं दुकान आहे. रात्री हिशोब झाला की थोडा माल आणि कॅश घेऊन मी स्कूटरवर वर्तकनगरला घरी जातो. दोनदा पाठलाग झाल्यासारखं वाटलं म्हणून लायसन्ससाठी अर्ज केला, मिळालं, कानपूरची .32 रिव्हॉल्व्हर घेतली. आता सगळे सांगतात की वेळ आलीच तर पायावर मार, माणूस मरत नाही आणि केसही हलकी होते. माझा मेहुणा म्हणतो थेट डोक्यात. नक्की नेम कुठे धरायचा? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : दादा, सरळ सांगतो. गोळी झाडण्यावाचून दुसरा मार्गच उरला नसेल तर नेम छातीच्या मधोमध. पाय नाही, डोकं नाही, हातातला चाकू तर नाहीच नाही. बावीस वर्षं पोलिसांच्या पोरांना हत्यार शिकवलंय आणि प्रत्येक बॅचमध्ये हा प्रश्न आलाय, त्यामुळे कारणंही नीट सांगतो, नाहीतर ऐन वेळी तुम्हाला मेहुण्याचंच आठवेल.

आधी पायाचं बघू. पाय अरुंद असतो आणि अंगावर धावून येणाऱ्या माणसाचा सगळ्यात जास्त हलणारा भाग तोच. तुमच्या रस्त्यावर रात्री अर्धे दिवे बंद, हात थरथरतोय, श्वास लागलाय, अशात तुम्ही गुडघ्यावर नेम धरणार आणि तो लागणार? चुकलेली गोळी फरशीला नाहीतर रस्त्याला आपटून कुठे उडेल ते कुणीच सांगू शकत नाही, आणि जांभळी नाक्याला रात्री साडेनऊलाही माणसं असतात. दुसरं म्हणजे पायावर मारली की माणूस मरत नाही हा समज साफ चुकीचा आहे. मांडीतून मोठी धमनी जाते, ती फुटली तर काही मिनिटांत रक्त जाऊन माणूस दगावतो. जमावावर गोळीबार करायची वेळ आली तर कमरेखाली नेम धरायला पोलिसांना शिकवतात, पेपरातही पायावर गोळीच्या बातम्या येतात, त्यातून हा समज पसरला असावा. पण जमाव पांगवणं वेगळं आणि तीन फुटांवरून कोयता घेऊन आलेला माणूस वेगळा.

केस हलकी होते हेही मनातून काढा. बंदूक चालवली म्हणजे चालवली, पायावर असो की छातीवर, जिवाला धोका होता का हाच प्रश्न कोर्टात येणार. उलट सरकारी वकील विचारेल की एवढी जिवाची भीती होती तर पायावर नेम धरायला सवड कशी मिळाली. डोक्याचं थोडक्यात सांगतो, लहान असतं, सतत हलतं, घाबरलेल्या हाताला ते लागत नाही आणि चुकलेली गोळी मागच्या गर्दीत जाते.

छाती म्हणजे अंगाचा सगळ्यात रुंद आणि त्यातल्या त्यात कमी हलणारा भाग. नेम चार बोटं इकडेतिकडे झाला तरी गोळी त्याच्याच अंगात राहायची शक्यता जास्त, आणि मला हे कारण सगळ्यात महत्त्वाचं वाटतं कारण चुकलेल्या गोळीला मालक नसतो पण तिचा हिशोब मात्र तुम्हालाच द्यावा लागतो. म्हणून समोरच्याच्या मागे काय आहे ते बघायची सवय नेम धरण्याआधी लावून घ्या. पानाची टपरी आहे, उभी रिक्षा आहे की नुसती भिंत? मागे माणसं असतील तर एक पाऊल बाजूला सरकून कोन बदला.

आता सिनेमात दिसत नाही ते ऐका. पिस्तुलाची गोळी लागली की माणूस उडून मागे पडतो असं काही होत नाही. 11 एप्रिल 1986 ला अमेरिकेत मायामीला एफबीआय (तिथली केंद्रीय तपास यंत्रणा) आणि दोन दरोडेखोरांची चकमक झाली होती, जगभरच्या ट्रेनिंगमध्ये ती अजून शिकवतात. त्या दरोडेखोरांपैकी एकाला सुरुवातीलाच 9 एमएमची गोळी दंडातून छातीत शिरली, हृदयाच्या अगदी जवळ जाऊन थांबली, जखम जीव घेणारी होती, तरीही तो लढत राहिला. एफबीआयचे दोन एजंट मेले, पाच जखमी झाले. म्हणजे बरोबर जागी लागली तरी समोरचा लगेच थांबेल याची गॅरंटी नाही, म्हणून नजर त्याच्यावरच ठेवायची आणि पाय आडोशाकडे हलवत राहायचं. आणि अंतराचं म्हणाल तर अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचे पोलिस प्रशिक्षक डेनिस ट्यूलर यांनी 1983 मध्ये दाखवून दिलं की चाकू घेतलेला माणूस 21 फूट साधारण दीड सेकंदात पार करतो. 21 फूट म्हणजे आपल्या टू बीएचकेचा हॉल आणि वर थोडा पॅसेज. तुमची रिव्हॉल्व्हर स्कूटरच्या डिकीत रुमालात गुंडाळलेली असेल तर ती नसल्यातच जमा.

आपल्या राही सरनोबतने 2018 च्या एशियाडमध्ये 25 मीटर पिस्तुलात सोनं आणलं, किती अभिमान वाटला होता! पण तो खेळ उजेडातला आणि समोर कागद असतो. तुम्ही रेंजवर जाल तेव्हा आधी वीस उठाबशा काढा, दम लागू द्या आणि मग पाच मीटरवर छातीएवढ्या कागदावर नेम धरा. आमचा एक पोरगा रोज मधल्या काळ्यात मारायचा, त्याला पळवून आणून उभा केला तर सहापैकी दोनच कागदाला लागल्या. तुमच्या रिव्हॉल्व्हरचा घोडा (मागची हातोडी) न चढवता चाप ओढला तर तो जड लागतो, झटका दिला की नळी खाली जाते, म्हणून रिकाम्या हत्यारावर, काडतुसांची सहाही घरं दोनदा तपासून, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, हळू चाप ओढायचा सराव करा.

आणि आता सगळ्यात आधी विचारायला हवं होतं ते, झाडायची कधी. 1 जुलै 2024 पासून आयपीसीची 96 ते 106 कलमं भारतीय न्याय संहितेत 34 ते 44 झाली. कलम 38 प्रमाणे मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची रास्त भीती वाटावी असा हल्ला, बलात्कार, अपहरण, ॲसिड अशा प्रसंगात समोरच्याचा जीव गेला तरी तो स्वसंरक्षणात बसतो, आणि मालमत्तेसाठी कलम 41 मध्ये जबरी चोरी, रात्रीची घरफोडी असे मोजकेच प्रसंग आहेत. पण कलम 37 म्हणतं की गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्कच नाही. म्हणून लुटारूने पिशवी हिसकावली आणि पाठ फिरवून पळाला तर बोट चापावरून काढा, सोनं गेलं तर जाऊ दे. पाठीत गोळी मारून मग जिवाची भीती होती हे कुठल्या तोंडाने सांगणार? तसंच तो पडला, चाकू सुटला, की तिथेच थांबायचं. हवेत बारही काढू नका, वर गेलेली गोळी कुणाच्या तरी गॅलरीत खाली येते.

झालंच तर 112 ला फोन, जखमीसाठी 108, हत्यार खाली ठेवून पोलिसांची वाट बघा, काहीही हलवू नका, आणि सविस्तर जबाबाआधी वकिलाला बोलवा. स्वसंरक्षण होतं हे दाखवायची जबाबदारी तुमच्यावर असते, म्हणून दुकानाचा कॅमेरा रस्त्याकडेही वळवून घ्या. आणि माझं ऐकाल तर कॅश रोज त्याच वेळी त्याच रस्त्याने नेऊ नका, कुणाला तरी सोबत घ्या.

प्रश्न : मी खारघरला राहते, शिफ्ट संपवून उशिरा येते. लायसन्सची कटकट नको म्हणून एअर पिस्तूल पर्समध्ये ठेवू का? (एक वाचक, नवी मुंबई)

उत्तर : नको ताई. .177 इंची छर्र्याची, 20 ज्यूलपर्यंत ताकदीची एअरगन विनापरवाना मिळते हे खरं, पण ती हल्लेखोराला थांबवत नाही आणि दिसते मात्र खऱ्यासारखी, म्हणजे समोरच्याकडे खरी असेल तर तो आधी तुमच्यावर चालवेल. मिरची स्प्रे घ्या, त्याला लायसन्स लागत नाही. पर्सच्या तळाशी टाकू नका, स्टेशनातून बाहेर पडतानाच हातात धरा, आणि त्याचा नेम मात्र डोळ्यांवर.